आत शिरणाऱ्या गोष्टी

जुनी जीप बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिनचा आवाज ऐकतो, धुराचा रंग बघतो, ऑइलची काडी ओढून थेंब बोटांत चोळतो आणि जाणकारासारखी मान हलवतो. हे सगळं करावंच, पण रायपुरात तरी ते नंतर करावं. आधी गाडीखाली गोणपाट टाकून उताणं पडावं आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या डोक्यावरचं अंगठ्याएवढंही नसलेलं टोपण शोधावं. त्याला ब्रीदर म्हणतात. ते लाल मातीने बुजलेलं दिसलं, तर वर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी खाली डिफरन्शियलमध्ये पाणी गेलंय असं धरूनच भाव करावा.

रायपूरची हवा गाडीच्या मुळावर तीन बाजूंनी उठते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वर्षाचा साधारण १२०० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो. उरलेले महिने धुळीचे, आणि ही धूळसुद्धा एका जातीची नाही. भाठ्याच्या माळावरची लाल मुरमाड धूळ खरखरीत असते. धानाच्या शेतातली काळी कन्हार वाळली की पिठासारखी उडते आणि भिजली की चाकाला गच्च धरून बसते. उरला-सिलतऱ्याच्या बाजूला स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ आहे, ती तर गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही सोडत नाही. जुनी गाडी झिजून मरते असा आपला समज असतो. झिजते हे खरं, पण ती अकाली मरते ते आत काहीतरी शिरल्यामुळे. म्हणून घरी देखभाल करणाऱ्याचं खरं काम इंजिन उघडणं नव्हे. जिथून काही आत जाऊ शकतं त्या जागा ओळखाव्यात आणि त्या राखाव्यात. त्याला मोठं वर्कशॉप लागत नाही, अंगण पुरतं.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय तेही सांगतो. २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे कंपनीचं नाव बदललं आणि मुंबईत माझगावला विलिज जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली. त्या पेट्रोल जीपचं खानदान पुढे डिझेलवर आलं. १९८० च्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये बसलेलं प्यूजोच्या आराखड्याचं इंजिन इगतपुरीत बनत असे. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर. क्षमता २११२ सीसी. त्याच दशकात, १९८५ मध्ये, मारुतीची जिप्सी आली. ती पेट्रोलवर चालणारी आणि अंगाने हलकी. सरकारी खात्यांनी वापरून लिलावात काढलेल्या अशा जीपा छत्तीसगडात गावोगाव पोचल्या. कुणाच्या राइस मिलवर, कुणाच्या शेतावर, तर कुणाच्या घरी मुलांना बारनवापाऱ्याचं जंगल दाखवण्यापुरती एक उभी असते. यातल्या कुठल्याच गाडीत सेन्सर बोलत नाहीत. जे काही आहे ते हाताला लागतं, म्हणून शिकायला या गाड्यांसारखी शाळा नाही.

आता ब्रीदर. गाडी तासभर चालली की अ‍ॅक्सलमधलं ऑइल तापतं आणि वरची हवा फुगून ब्रीदरवाटे बाहेर पडते. मग वाटेत रपटा लागतो. छत्तीसगडात नाल्यावरच्या बुटक्या फरशी-पुलाला रपटा म्हणतात, आणि पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहत असतं. तापलेला अ‍ॅक्सल एकदम पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ७० अंशांवरून ३० अंशांवर आली तर तिचं आकारमान साधारण आठव्या हिश्श्याने कमी होतं. ही तूट भरायला अ‍ॅक्सल बाहेरून काहीतरी ओढणारच. ब्रीदर पाण्यात बुडालेला असेल तर पाणी तिथूनच आत जातं. तो मातीने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या ओठातून जातं. सील आतलं ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेलं असतं, बाहेरून ओढ बसली की ते तेवढं टिकत नाही.

उपाय फार स्वस्त आहे. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवावा, तोंडाने फुंकून हवा जाते का पाहावं आणि जमल्यास त्याच्या जागी नळी बसवण्याचं तोंड लावून रबरी नळी चासीवरून बॉनेटच्या उंचीपर्यंत न्यावी. नळीचं वरचं तोंड खाली वळवून ठेवावं. एका संध्याकाळचं काम. पाणी आधीच गेलंय की नाही हे कळायलाही वेळ लागत नाही. गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवावी आणि सकाळी चालवण्याआधी डिफरन्शियलचा खालचा प्लग किंचित ढिला करावा. पाणी जड असल्यामुळे रात्रीत तळाला बसतं, त्यामुळे पहिले थेंब पाण्याचेच येतात. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी आत गेल्याला बरेच दिवस झाले. ते सगळं काढून टाकावं.

मात्र खालचा प्लग खोलण्याआधी वरचा, भरण्याचा प्लग खुलतो का ते पाहून घ्यावं. रिकामा झालेला डिफरन्शियल आणि गंजून बसलेला वरचा प्लग अशी जोडी अंगणात उभी राहिली की शेजारी सल्ले द्यायला जमतात. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लेप नीट बघावा. बारीक, मऊ लेप हे वयाचं लक्षण आहे. नखात टोचेल असा लोखंडाचा तुकडा सापडला तर आत कुठला तरी दात नाहीतर बेअरिंग जातंय. ऑइल कुठलं भरायचं यातही गफलत होते. दोन्हीकडे नव्वद नंबरचं चालतं एवढं ऐकून लोक एकाच डब्यातून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्ही भरतात. डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना जीएल-५ लागतं. पण त्यातली गंधकयुक्त रसायनं जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात, म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४ द्यावं. डब्यावर ते छापलेलं असतं, फक्त वाचावं लागतं.

गाडीखाली शिरायचं म्हणजे जॅक आला. इथे हातचं राखून लिहिणार नाही, कारण जुन्या जीपचा एक स्वभाव नव्या गाडीवर शिकलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. आजच्या गाडीत हँडब्रेक मागची दोन्ही चाकं धरतो. विलिजच्या वळणाच्या जीपमध्ये तो चाकांवर नसतोच. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर, जिथून मागचा प्रॉपेलर शाफ्ट निघतो, तिथे एक लहान ड्रम असतो आणि हँडब्रेक तोच ड्रम धरतो. म्हणजे शाफ्ट थांबतो आणि शाफ्टमार्फत चाकं थांबतात. आता मागचं एक चाक जॅकने उचला. शाफ्ट तर धरलेला आहे, पण डिफरन्शियलचं कामच असं की शाफ्ट थांबलेला असताना एक चाक पुढे गेलं तर दुसरं मागे फिरू शकतं. वर उचललेलं चाक हवेत मोकळं फिरतं, जमिनीवरचं चाक त्याच्या उलट सरकतं आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. प्रॉपेलर शाफ्ट उतरवला तर आणखी वाईट. मग हँडब्रेक हवेत लटकणारा ड्रम धरून बसतो आणि गाडी कुणीच धरलेली नसते. गिअरमध्ये ठेवूनही भागत नाही, कारण गिअरचा जोरही त्याच शाफ्टमधून जातो.

म्हणून जुन्या मिस्त्रीच्या तोंडी “भैया, पहले गुटका” हे पहिलं वाक्य असतं. लाकडी गुटके पुढून आणि मागून लावायचे, जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना. जॅक फक्त उचलण्यासाठी, उचलून झालं की अ‍ॅक्सलखाली लोखंडी घोडी ठेवायची. विटांवर गाडी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. विटेवर विठोबा उभा राहतो, गाडी राहत नाही. वीट दाबाखाली आधी जरा चुरते आणि मग एकदम फुटते, मधे इशारा देत नाही.

हाच हँडब्रेक दुसऱ्या एका रोगाचा साक्षीदार आहे. तो लागेनासा झाला की लोक केबल ओढून ओढून घट्ट करतात. आधी ड्रम काढून बघावा. ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपून लायनिंग भिजलेलं असतं, आणि भिजलेलं लायनिंग कितीही दाबलं तरी घसरतच राहतं. सील बदलायला शाफ्ट उतरवावा लागतो, योकचा नट खोलावा लागतो आणि योक बाहेर ओढावा लागतो. योक हातात आला की सीलच्या ओठाखाली त्याच्या अंगावर पडलेली गोल खाच नखाने तपासावी. खाच नखाला अडकली तर नवं सील बसवून उपयोग नाही, चार दिवसांत पुन्हा गळेल. लेथवाल्याकडून त्या जागी पातळ बाही चढवून घ्यावी नाहीतर योक बदलावा. स्प्लाइनमधूनही ऑइल वर चढतं, म्हणून नटाखाली सीलंट लावून मग वायसर बसवावा. ही गळती ‘जीप आहे, गळणारच’ म्हणून सोडून देणारे खूप भेटतात. माझ्या मते हा आळसाला दिलेला परंपरेचा मुलामा आहे. जिथून ऑइल बाहेर येतं तिथून धूळ आत जाते.

फोर-व्हील लावल्यावर गाडीत काय होतं हे समजलं की बऱ्याच दुरुस्त्या टळतात. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतं. फोर-व्हीलचा दांडा ओढला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि सारखेच फिरतात. पण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. चिखलात हा फरक चाकं घसरून भरून काढतात. रायपुरातल्या जी. ई. रोडच्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर चीं करतात आणि शेवटी दांडा जागचा हलत नाही. तो हातोडीने मारू नये. गाडी सरळ ठेवून थोडी रिव्हर्समध्ये घ्यावी, पीळ सुटतो आणि दांडा बोटाने निघतो.

सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरत असेल तर चारही टायर एका मापाचे आहेत का पाहावं. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असे टायर टाकले की घेर बदलतो आणि ताण तिथूनच सुरू होतो. पाचवा स्टेपनीचाही फेऱ्यात धरून पाचही टायर फिरवत राहावेत. याहून खोल भानगड म्हणजे दोन अ‍ॅक्सलचे दात वेगळे असणं. लिलावातून आलेल्या जीपला कुणी कधी कुठला अ‍ॅक्सल लावला याची नोंद कुठेच नसते. विलिजच्या जीपचं प्रमाण ५.३८ होतं, म्हणजे क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. नंतरच्या गाड्यांत वेगवेगळी प्रमाणं आली. तपासायला अ‍ॅक्सल उघडावा लागत नाही. जमिनीवरच्या चाकांना गुटके लावून मागचं एक चाक उचला, घोडी द्या, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हँडब्रेक सोडा. टायरवर आणि शाफ्टवर खडूने एक एक रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजा. दोन फेरे कशासाठी? दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे डिफरन्शियल अर्धी गती खाऊन टाकतं. शाफ्टचे पाच फेरे आणि वर एकतृतीयांशाहून थोडं अधिक आलं तर ५.३८. पुढच्या अ‍ॅक्सललाही हेच करायचं, फक्त फोर-व्हीलचा दांडा सोडलेला हवा आणि पुढच्या चाकांचे हब लॉक होणारे असतील तर ते जोडलेले हवेत. दोन आकडे जुळले नाहीत तर ती गाडी फोर-व्हीलमध्ये कधीच धड चालणार नाही, मग मिस्त्री गिअरबॉक्सवर कितीही शंका घेवोत.

आकड्यांवरून आठवलं. विलिजच्या तीन गिअरवाल्या जीपमध्ये पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि अ‍ॅक्सल ५.३८. यांचा गुणाकार ३७ येतो. इंजिनचे ३७ फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरतं, आणि इंजिनचा जोर तेवढ्याच पटीने चाकाशी पोचतो. कन्हारात रुतलेली गाडी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून काढू पाहणारा माणूस गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसने वाढवलेला जोर एका युनिव्हर्सल जॉइंटच्या चार बारीक बेअरिंगांवर टाकतो. त्या जॉइंटचे क्रॉस तुटले की दोष लोकल मालाला दिला जातो.

त्या क्रॉसना, पाट्यांच्या शॅकलना आणि टाय रॉडच्या टोकांना ग्रीसचे निपल असतात. ग्रीस गन हे या छंदातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार. निपल आधी फडक्याने पुसावं, नाहीतर त्याच्या तोंडावरची धूळ आपणच दाबून आत घालतो. मग जुनं, काळं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन नव्याचा रंग दिसेपर्यंत भरत राहावं. पाण्यातून गाडी काढली की हे त्याच आठवड्यात करावं. हे काम लक्षात राहावं म्हणून रायपुरात एक सोयीचा दिवस आहे. आषाढी अमावास्येला आपल्या मराठी घरांत दिव्यांची अवस असते, समया घासून पुसून पाटावर मांडतात. त्याच दिवशी छत्तीसगडी शेतकऱ्याची हरेली. त्याच्या पंचांगात ती श्रावणातली अमावास्या, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. तो नांगर, कुदळ, फावडं धुऊन त्यांची पूजा करतो. पेरणी-बियासीच्या त्या चिखलाच्या दिवसांत हत्यारं स्वच्छ करायची, यात धर्माइतकीच अक्कल आहे. ग्रीस गनलाही त्यात जागा मिळायला हरकत नाही. खंडेनवमीपर्यंत थांबलं तर पावसाळा संपलेला असतो.

पुढच्या चाकांचे हब घरी उघडण्यासारखे असतात. दोन टेपर बेअरिंग, त्यांच्यावर दोन नट, आणि नटांच्या मधे कान वळवायचा पातळ वायसर. हे रुंद नट खोलायला खास गोटी मिळते. रस्त्याकडेच्या दुकानात ती नसते, म्हणून छिन्नी लावून हातोडीने नट ठोकतात. जुन्या हबच्या नटाला सगळीकडून चावे पडलेले दिसतात ते त्यामुळेच. आधी गोटी विकत घ्या, मग हब उघडा. बेअरिंग डिझेलमध्ये धुवा आणि उजेडात फिरवून बघा. रोलरवर निळसर झाक म्हणजे तापलेलं, कपात खड्डे म्हणजे गेलेलं. ग्रीस बाहेरून चोपडू नये. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहावी, वरच्या फटीतून ग्रीस डोकावेपर्यंत. बसवताना आतला नट चाक फिरवत फिरवत जड होईपर्यंत आवळावा, मग फेऱ्याच्या सहाव्या हिश्श्याइतका मागे सोडावा, वायसर घालावा, बाहेरचा नट कसावा आणि कान वळवावा. चाक वर-खाली धरून हलवलं तर खुळखुळ नको, आणि थोडं चालवल्यावर हब हाताला चटका बसण्याइतका तापायला नको. नव्या माणसाचा कल जास्त आवळण्याकडे असतो, आणि ढिल्या बेअरिंगपेक्षा आवळलेलं बेअरिंग लवकर जातं.

चाळीसच्या वेगाला खड्ड्यावर स्टिअरिंग एकाएकी थडथडायला लागलं आणि गाडी थांबेपर्यंत थांबेना, तर अलाइनमेंटवाल्याकडे धाव घेण्याआधी किंगपिन बघावेत. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या गोल नकलच्या वर आणि खाली टेपर बेअरिंग असतात, ते शिमच्या पातळ चकत्यांनी ताणलेले असतात. नकलच्या मागचं फेल्ट सील सुकलं की लाल चिखल त्या गोल चेंडूवर बसतो, तो खरवडून काढतो, आणि पुढच्या पावसाळ्यात आतलं ग्रीस धुऊन जातं. सील कोरडं पडू न देणं एवढंच घरी करायचं.

वरच्या बाजूला हवेच्या वाटेने जे शिरतं ते सगळ्यात महाग पडतं. जुन्या जीपला कागदी फिल्टर नसतो, ऑइल बाथ असतो. हवा आधी ऑइलच्या वाटीवर आपटते, जड धूळ ऑइलमध्ये राहते, बारीक धूळ वरच्या तारेच्या जाळीत अडकते. वाटीत बोट बुडवून तळाला टेकवावं. चिखलाचा थर बोटभर लागला तर फिल्टर गाळायचा थांबलेला आहे. सिलतऱ्याकडे रोज जाणाऱ्याने हे दर आठवड्याला बघावं, शहरात फिरणाऱ्याने महिन्याला. ऑइल खुणेपर्यंतच भरायचं. जास्त असलं तर चांगलं, हा हिशेब इथे उलटा पडतो. डिझेल इंजिन हवेबरोबर जे जळण्याजोगं येईल ते जाळतं. वाटीतलं जास्तीचं ऑइल त्याने ओढलं तर इंजिन आपोआप वेग घेतं, आणि डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. असं कधी झालंच तर टॉप गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. किंवा हवेच्या तोंडावर फळी दाबावी. हात नव्हे, फळी. फिल्टरपासून इंजिनपर्यंतची रबरी नळी आणि तिचे क्लिपही तपासावेत. नळीला चीर गेली असेल तर फिल्टर कितीही स्वच्छ ठेवला तरी इंजिन धूळच खातं.

उन्हाळ्यात पंख्याला दोष देण्याआधी रेडिएटरच्या पत्र्यांमधे साचलेला भुसा आणि माती काढावी. पाणी इंजिनच्या बाजूने समोर मारावं, जोर कमी ठेवून, नाहीतर पातळ पत्रे आडवे होतात. बोअरचं जड पाणी घालू नये, त्याची पुटं नळ्यांत बसतात. कूलंट आणि शुद्ध पाणी वापरावं. झाकणाचं स्प्रिंग मेलेलं असलं तर तेही बदलावं, कारण झाकण दाब धरतं आणि एक पौंड दाबाला उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर सरकतो. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत मात्र मला मान्य नाही. तो काढला की गाडी डिसेंबरच्या सकाळी कधी गरमच होत नाही आणि थंड इंजिन जास्त झिजतं. काढलेला थर्मोस्टॅट टाकाऊ पातेल्यात दोरीला बांधून तापत्या पाण्यात सोडा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला तर निर्दोष आहे, दुसरीकडे शोधा.

डिझेलच्या वाटेत हवा शिरली की इंजिन नुसतं घरघरतं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करावा आणि हातपंप मारत राहावा, फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत. मग तो कसून पुढचा. शेवटी इंजेक्टरच्या पाइपांचे नट जरा सोडून सेल्फ मारावा. त्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नये, त्याचा दाब कातडीत घुसण्याइतका असतो. सेल्फ मलूल फिरत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या अंगाला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती घासून कसली की पैसे वाचले.

विलिजच्या वळणाच्या जीपमध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, आणि चिखल ड्रममध्ये बसतोच. ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या जीपच्या मास्टर सिलिंडरला एकच कोठी असते. एका चाकाचं सील फुटलं की चारही ब्रेक गेले. म्हणून चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.

सामान घेताना गाडीचं नाव सांगून मागू नये. दुकानदार ‘जीपचं ना?’ म्हणून जे हाताला लागेल ते देतो. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कोरलेली असते, बेअरिंगवर नंबर असतो. विलिजच्या पुढच्या हबचं टेपर बेअरिंग १८५९० आणि त्याचा कप १८५२०. हे आकडे घेऊन गेलं तर रावाभाठ्याच्या ट्रान्सपोर्ट नगरातलं दुकान असो की नागपूरचं, चूक व्हायला जागा राहत नाही. नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याला संत्र्यांऐवजी सील आणायला सांगणारी घरं रायपुरात असणारच, अंतर तीनशे किलोमीटरच्या आतच आहे.

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते, त्यामुळे लिलावातून रस्त्यावर येणाऱ्या जीपांचा जुना ओघ आता आटला. दुसरं इंजिन किंवा वेगळी बॉडी बसवायचा मोह असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ आराखड्याविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं म्हटलंय हे लक्षात असावं. चासी नंबरवरचा रंग खरवडून तो आरसीशी ताडून बघणं हे गाडी घेण्याच्या दिवशीचं काम आहे, फिटनेसच्या दिवशीचं नव्हे.

तीन कामं घरी करू नयेत: डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, चासीचं वेल्डिंग आणि क्राउन-पिनियनची बैठक. पहिल्याला टेस्ट बेंच लागतो, दुसऱ्याला सरळ जिग. तिसरं फसवं आहे, कारण ते हातांनी जमेल असं वाटतं. पिनियन किती आत बसतो हे त्याच्या खालच्या कागदाएवढ्या पातळ शिमवर ठरतं, आणि क्राउनच्या दातांना रंग लावून फिरवल्यावर उमटणारा ठसा दाताच्या मधोमध आला तरच अ‍ॅक्सल गप्प बसतो. ज्याच्याकडे काम द्यायचं त्याच्याकडे आधी दुसऱ्या कुणाचा अ‍ॅक्सल खुलताना बघावा. काढलेले शिम डाव्या-उजव्याची खूण करून तारेत ओवणारा मिस्त्री असेल तर गाडी सोडून यावी. शिम तेलाच्या ट्रेमध्ये एकत्र टाकणारा असेल तर किल्ली खिशात ठेवून परत फिरावं.